पोचा पडलेलं घंगाळ

आमच्या घरात अंघोळीचं एक तांब्याचं घंगाळ आहे. सासूबाईंच्या सासूबाईंनी भांडी बाजारातून वजनावर घेतलेलं. अंगभर मठारलेले ठोके, दोन कड्या, त्यातली एक सैल, आणि उजव्या कुशीला वाटीएवढा पोचा. तो कुणाच्या हातून पडला याबद्दल घरात दोन मतं होती; ती मांडणारी माणसं आता नाहीत. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत मी तैलरंगात हा पोचा रंगवत होते. बाकीचं चित्र त्याच्या आजूबाजूला होत गेलं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी दोन ते पाच पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली माझी. तिथे मी फक्त स्थिरचित्रं करते. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर इंटरमिजिएटचा पेपर उमटतो. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. बादली, दोन वांगी, मागे चुण्यांचा पडदा, आणि आपल्या जागेवरून वांगी दिसतच नाहीत म्हणून रडकुंडीला आलेली एखादी मुलगी. (ती मी होते.) त्यामुळे पंचेचाळिशीतली बाई स्थिरचित्र करते म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिचा पेपर अजून सुटलेला नाही. एका लग्नात नात्यातल्या एका काकांनी मोठ्या मायेनं विचारलंही, “मग आता निसर्गचित्रं कधी सुरू करणार?”

त्यांचंही चुकत नाही. नाशिकमध्ये चित्रकार म्हणजे गोदाघाट. शिवाजी तुपे सरांची जलरंगातली निसर्गचित्रं बघत वाढलेल्या या गावात रविवारी सकाळी रामकुंडाजवळ स्टूल टाकून बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. मीही बसले आहे. पण पाणी हलतं, माणसं उठून जातात, ऊन सरकतं, आणि माझा हात संथ. शिवाय स्थिरचित्राला खाली बसवणारी ही उतरंड काही आपल्याकडची नाही. १६६७ मध्ये फ्रेंच अकादमीत फेलिबियाँ या कलालेखकानं चित्रप्रकारांची पायरी लावली, तेव्हा इतिहासचित्रं सगळ्यांत वर गेली आणि निर्जीव वस्तू सगळ्यांत खाली. त्याच अकादमीनं १७२८ मध्ये शार्दँ या चित्रकाराला आत घेतलं ते आतडी लोंबणाऱ्या एका माशाच्या चित्रावर. शार्दँचं तांब्याच्या पाणसाठवणीचं एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, उंची फूटभरही नाही. मी ते छापीलच पाहिलंय. तेवढ्यावरच मी घंगाळ उचलून मागच्या खोलीत नेलं.

सासूबाईंनी विचारलं, “किती दिवस?”

“महिनाभर, आई.”

मांडणी साधी होती. जुना पाट, त्यावर घंगाळ, काठाला टेकून काळ्या द्राक्षांचा एक घड, मागे धुवून धुवून राखाडी झालेलं पंचाचं कापड. कॅनव्हास २४ बाय ३० इंच. माझ्या मापानं हे अवाढव्य. एरवी मी ८ बाय १० च्या वर जात नाही. पण स्पर्धेला मोठं चित्र पाठवावं असा एक समज आहे, आणि तो मलाही चिकटलेला होता. पाटाचे पाय, घंगाळाचा तळ, माझी खुर्ची, सगळ्यांभोवती फरशीवर खडूच्या खुणा केल्या. फरशी पुसणाऱ्या ताईंना हात जोडून सांगितलं की खुणांच्या आतलं पुसायचं नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. घरच्यांनी पाळलं नाही.

द्राक्षं आधी उरकावी लागतात. नाशिकला हंगाम जानेवारी ते एप्रिल, पण अडचण हंगामाची नाही, मण्यांवरच्या त्या पांढुरक्या मेणचट थराची. बाजारातल्या घडाला पाच हात लागलेले असतात आणि प्रत्येक बोट तिथे काळा चकचकीत ठसा सोडतं. निफाडकडे आमच्या नणंदेच्या दिरांची बाग आहे. त्यांना फोन करून म्हटलं, देठाला धरून कापा आणि देठाला धरूनच द्या, मण्यांना हात नको. ते म्हणाले, “वहिनी, एक्स्पोर्टला तरी एवढं करत नाही!” असं म्हणत करतातच, हे मला माहीत होतं. घड खोक्यात दोरीला टांगून आला.

तो पाचव्या दिवशी मलूल पडला. दुसरा आला, त्याचे मणी वेगळे बसलेले. तिसरा आला. शेवटी चित्रात आहे तो घड तीन घडांचा मिळून आहे, खांदा पहिल्याचा, शेपूट तिसऱ्याचं. तो थर रंगवायची रीत मात्र मला आवडते. आधी मणी गडद रंगवायचे, अल्ट्रामरीन आणि अलिझरिन, अगदी काळपट. ते पूर्ण वाळू द्यायचे. मग पांढऱ्यात चिमूटभर निळा-राखाडी घालून जवळजवळ कोरड्या ब्रशनं वरून नुसता घासायचा. खालचा काळोख आतून दिसत राहतो आणि वर धूळ बसल्यासारखी वाटते. ओल्यावर केलंत तर शेणकाला होतो. मी एकदा केला.

मार्चअखेर घड संपला आणि घंगाळ अर्धं झालं. दोन महिन्यांत त्याच्यावर एक सुंदर तपकिरी कळा चढली होती. तळाशी जवळजवळ काळी, काठाजवळ मधासारखी. तोच तर रंग मी पकडत होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर खोलीत घंगाळ लखलखत होतं. घरातलं सगळं तांबं-पितळ घासायला निघालं होतं. सासूबाईंनी चिंच-मीठ लावून तेही घासलं, आणि बरोब्बर खडूच्या खुणेत परत ठेवलं.

“तुझ्या चित्रात छान येईल आता,” त्या म्हणाल्या.

काय बोलणार? मी “हो” म्हटलं आणि कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन आठवडे त्याला हात लावला नाही. तांबं पुन्हा काळवंडेपर्यंत वाट बघणं एवढंच हाती होतं. या काळात कांद्याचं एक छोटं चित्र केलं, ८ बाय १०. लासलगावचा कांदा, पुडीचा तपकिरी कागद, सुटलेली साल. साल म्हणजे नुसता पारदर्शक बर्न्ट सिएना, एका थरात, पुन्हा हात न लावता. चौथ्या दिवशी कांद्याला कोंब फुटला, तर तोही काढला. नऊ दिवसांत चित्र संपलं. याच्याबद्दल एवढंच.

मे महिन्यात उजेडानं दगा दिला. सगळी विलायती पुस्तकं सांगतात, खिडकी उत्तरेची घ्या, तिच्यातून ऊन कधी येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो. आम्ही फ्लॅट घेताना मी हट्टानं उत्तरेची खोली मागितली होती. पण ती पुस्तकं लिहिणारे पॅरिस-लंडनचे. नाशिक २० अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास भरदुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत तिकडेच असतो. संध्याकाळी तर तो मार्च ते सप्टेंबर उत्तरेकडे झुकूनच मावळतो. त्यामुळे नेमक्या माझ्या वेळेला, चारनंतर, खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत यायची आणि घंगाळावर भाजायची. आधी ट्रेसिंग पेपर लावला, मग पांढरं सुती कापड. शेवटी शरण गेले आणि दोन ते पावणेचार एवढाच वेळ धरला. रोजचे सव्वा तास गेले.

आता पोच्याकडे येते. तीन आठवडे मी तो चुकीचा रंगवत होते आणि चूक कळत नव्हती. घंगाळाचं पोट फुगीर आहे, तिथे खिडकी सुलटी दिसते, उजेड वर आणि फरशीचा काळोख खाली. पोच्यातही मी तसंच केलं, वरच्या कडेला उजेड. चित्रात तो पोचा न दिसता आवाळू दिसायचं. घासलं, पुन्हा केलं, पुन्हा आवाळू. एका दुपारी सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि घंगाळाच्या पोटात त्यांची फिकट साडी उभी दिसली, पण पोच्यात ती डोकं खाली करून लोंबत होती. मी म्हटलं, “आई, हलू नका.” त्या चहाचा कप धरून उभ्याच. पोचा म्हणजे खोलगट आरसा. चमच्याच्या आतल्या बाजूला आपण उलटे दिसतो, तसंच. त्यात खिडकी खाली जाते आणि फरशी वर येते. आठवीच्या विज्ञानात मीही हे शिकले होते. शाळेत माझ्या बाजूच्याच वर्गात हे दरवर्षी शिकवतात. पण ब्रश हातात आला की डोळ्यांपेक्षा सवय पुढे धावते.

दुसरी चूक चमकेची. द्राक्षाच्या मण्यावर जो चमकबिंदू असतो तो उजेडाच्या रंगाचा असतो, खिडकी निळसर तर तोही निळसर. म्हणून मी तांब्यावरही तसाच पांढरा ठिपका दिला आणि घंगाळ प्लॅस्टिकचं झालं. तांब्यासारखा रंगीत धातू उजेडाला आपला रंग लावूनच परत पाठवतो. तिथे पांढरा नाही, फिकट गुलाबी-नारिंगी लागतो: टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम ऑरेंजचा थेंब आणि किंचित लाल. अगदी टोकाच्या ठिपक्यापुरता तो पांढऱ्याच्या जवळ जातो, तेवढंच. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर एक महिना वाचला असता, म्हणून इथे सांगून ठेवते.

पावसाळा आला. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि गार, दमट हवेत ते काम रेंगाळतं. बर्न्ट अंबर तरी दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पण टिटॅनियम आणि आयव्हरी ब्लॅक आठवडाभर चिकट. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात, आणि जास्त तेल म्हणजे आणखी उशीर. ऑगस्टमध्ये लिक्विन आणलं, ते मिसळलं की रंग दुसऱ्या दिवशी वाळतो. त्याचा वास मला सोसत नाही, पण तारीख जवळ आली होती. त्याच सुमारास गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढली. सगळं गाव पूर बघायला पुलावर, आणि मी खिडकी लावून कॅनव्हासच्या मागची बुरशी पुसत होते.

स्पर्धा दोन ठरवल्या होत्या. एक परदेशी, फक्त वास्तववादी चित्रांची, तिच्यात स्थिरचित्राला वेगळा विभाग आहे म्हणून. दुसरी मुंबईतलं एक राज्यस्तरीय प्रदर्शन. दोन्हीकडे पहिली फेरी फोटोवर. सात महिने डोळ्यांनी जोखलेलं चित्र शेवटी दोन-तीन एमबीच्या फाइलमध्ये जातं आणि परीक्षक ते किती सेकंद बघत असतील, याचा विचार न केलेला बरा. फोन तांब्याला भगवं करतो. गडद भागात ओल्या तेलावर खोलीतली ट्यूबलाइट उमटते. शेवटी ढगाळ सकाळी गच्चीवर, टाकीच्या सावलीत चित्र उभं केलं, रंग जुळवायला शेजारी राखाडी कार्ड ठेवलं, आणि शाळेतल्या एका सरांच्या कॅमेऱ्यानं पंचवीस फोटो काढले. एकातही पोच्यातला तो उलटा उजेड नीट येईना. पंचविसावा पाठवला.

अर्जात चित्राचं नाव विचारतात. मी “घंगाळ” लिहिलं. मुंबईच्या अर्जात किंमतही लिहायची होती. आमच्यात चित्राचा भाव चौरस इंचावर धरतात, माझे ७२० चौरस इंच. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. “इंचावर? आणि खरं घंगाळ किलोवर?” त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, “मग चित्रच विक.”

कांदाही सोबत पाठवला, दोन नोंदींची परवानगी होती म्हणून.

परदेशातून तीन आठवड्यांत नकार आला, सभ्य शब्दांत, दोन्हींना. मुंबईहून घंगाळ निवडलं गेल्याची मेल आली आणि कांदा नाही. मला उलट वाटलं होतं. अजूनही मला कांदा जास्त चांगला वाटतो. पण तो नऊ दिवसांत झाला म्हणून मला आवडतो की खरंच चांगला आहे, हे कळायला मार्ग नाही.

प्रत्यक्ष चित्र नेऊन द्यायचं होतं. कुरिअरच्या भरवशावर ओला कॅनव्हास सोडायला मन होईना. फ्रेमवाल्या काकांनी सागाची साधी पट्टी लावली आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कान करून दिले. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस. पासवाल्यांच्या गाडीत दीड माणसाएवढं पार्सल घेऊन चढणं हा शिष्टाचार नाही. एकानं विचारलं, “टीव्ही आहे का?” मी म्हटलं, “चित्र आहे.” “कशाचं?” “घंगाळाचं.” तो जरा थांबला, मग त्यानं आपली बॅग मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. कसारा घाट उतरेपर्यंत त्याच्या आजीच्या घंगाळाची हकिगत ऐकली, ते मोडीत घातलं होतं. कितीला, तेही त्याला आठवत होतं.

स्वीकारायच्या टेबलावर कळलं की मागे दोन्ही बाजूंना डी-हूक आणि तार हवी. माझ्या फ्रेमला वर एक कडी. सूचना अर्जाच्या चौथ्या पानावर होती म्हणे. रांगेत मागे कोल्हापूरचा एक मुलगा होता, त्याच्या पिशवीत हूक, तार, पक्कड, सगळं. आम्ही दोघांनी जिन्यात बसून हूक ठोकले. त्याचं व्यक्तिचित्र होतं, म्हाताऱ्याचं, दाढीचा केस न् केस. त्याला बक्षीस मिळालं, चांगलंच होतं.

उद्घाटनाला गेले. माझं चित्र स्विचबोर्डशेजारी, आणि वरून दिव्याचा झोत थेट वरच्या तिसऱ्या भागावर. मी दहा पावलं मागे गेले. घरच्या खोलीत दहा पावलं नाहीतच, पाठ कपाटाला लागते. पहिल्यांदाच चित्र एवढ्या लांबून पाहिलं आणि जे दिसलं ते बरं नव्हतं. द्राक्षं उभी होती. काठ छान वळला होता. पण पोचा, जवळून जो खोल वाटायचा, तो लांबून सपाट पडला होता. त्याच्या वरच्या कडेचा गडद भाग एक छटा फिका राहिलेला. तेवढ्यात एक बाई चित्राजवळ वाकल्या आणि सोबतच्या माणसाला म्हणाल्या, “इथे काही सांडलंय का रे?”

घाईघाईनं बाहेर येऊन वडापाव खाल्ला. मग पुन्हा आत गेले आणि फोनवर टिपण केलं: वरची कड, रॉ अंबर अधिक अल्ट्रामरीन, एकच पातळ थर; खालचा उजेड अर्ध्यानं कमी. शेवटचं वार्निश सहा महिन्यांनीच द्यायचं असतं, तोवर चित्र उघडं असतं. म्हणजे अजून वेळ होता. परतीच्या गाडीत मला बक्षीस न मिळाल्याचं फारसं वाटत नव्हतं. दोन दुपारींचं काम होतं, घंगाळ खुणेत होतं, ऑक्टोबरचा उजेड स्वच्छ होता.

प्रदर्शन संपल्यावर चित्र घेऊन मी रात्री घरी आले. सकाळी मागच्या खोलीत गेले तर खडूच्या खुणा रिकाम्या. घंगाळ न्हाणीघरात होतं. धुतलेलं, लख्ख, उजवी कूस एकसारखी गोल.

“दिवाळीला अभ्यंगाला लागेल म्हणून भांडी बाजारात देऊन आणलं,” सासूबाई म्हणाल्या. “तूच म्हणाली होतीस ना, प्रदर्शन झालं की घ्या. पोचा कसा काढलाय बघ, कळतसुद्धा नाही.”

मी हात फिरवून पाहिला. खरंच कळत नव्हतं. तांबटानं ठोके मागच्या ठोक्यांत मिळवले होते. मी सात महिन्यांत हातानं जे करू शकले नाही ते त्यानं तासाभरात केलं असणार. चित्राचे पंचवीस फोटो होते, पण त्यांतल्या एकातही तो उलटा उजेड नव्हता, हे मी आधीच पाहिलेलं होतं.

“कडी नाही बसवली?” मी विचारलं.

“तो म्हणाला, तिला हात लावला तर तुटेल. राहू दे.”

दिवाळी झाल्यावर मी घंगाळ पुन्हा मागच्या खोलीत नेलं आणि या वेळी सैल कडी खिडकीकडे केली. कॅनव्हास ८ बाय १० चा घेतला. सासूबाईंना महिनाभर सांगितलंय.